प्राचीन कऱ्हाडवर निबंध लिहायचाय, मूळ साधनं कुठं शोधू?

प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारी कऱ्हाडची विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए., विषय इतिहास. निबंध ‘प्राचीन करहाटक’ यावर, अडीच हजार शब्द, मुदत बारा दिवस. सरांची अट अशी, की किमान चार प्राथमिक साधनं वापरलेली हवीत. तिच्या हाताशी सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर, मराठी विश्वकोशातली नोंद आणि दोन व्हिडिओ. संस्कृत शाळेतच सुटलं, प्राकृत कधी शिकलीच नाही. ‘मॅडम, ही प्राथमिक साधनं असतात तरी कुठं? ती वाचायला लिपी यावी लागते का?’

साताऱ्यात आणि मधली काही वर्षं सांगलीत इतिहास शिकवताना हा प्रश्न मी दरवर्षी ऐकला. ‘ग्रंथालयात जा, मिळेल’ हे त्याचं नेहमीचं उत्तर अगदी निरुपयोगी आहे. ग्रंथालयात जाऊन ‘प्राथमिक साधनं द्या’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस तुझ्याकडे बघत राहतो आणि शेवटी स्पर्धा परीक्षेचं गाइड काढून देतो. साधन नावानं मागावं लागतं, आणि ते नाव कळण्यासाठी तुझ्याकडचीच पुस्तकं उपयोगी पडतात. त्यांचा मजकूर जरा बाजूला ठेव आणि तळटिपा वाच. ‘कऱ्हाड हे प्राचीन काळी व्यापारी केंद्र होते’ असं कुणी लिहिलं, तर त्या वाक्याला आकडा लावलाय का ते बघ. आकडा असेल तर खाली टीप असेल, टिपेत एखाद्या लेखाचं नाव, खंड आणि पान असेल. आकडा नसेल तर ते वाक्य सोडून दे, कितीही गोड असलं तरी. टिपेचं शेपूट धरून मागं मागं जायचं आणि जिथं टीप संपते, म्हणजे समोर दगड, तांबं, नाणं किंवा पोथीच येते, तिथं थांबायचं. एवढंच तंत्र आहे. बाकी सगळा चिकाटीचा भाग.

विश्वकोश म्हणजे रस्त्यावरची पाटी. त्याचं कार्यालय आपल्या वाईत आहे, मला त्याबद्दल प्रेम आहे, पण पाटीला गाव म्हणत नाहीत. गॅझेटिअरचंही तसंच, फक्त त्याचं साल बघ. जुनं सातारा गॅझेटिअर १८८५चं. कऱ्हाडबद्दलचा सगळ्यात बोलका ताम्रपट ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेख छापणाऱ्या इंग्रजी मालिकेच्या चौथ्या खंडात, म्हणजे १८९६-९७ मध्ये छापला गेला. तो १८८५च्या पुस्तकात कसा असेल? मुलं मात्र गॅझेटिअरमध्ये नाही म्हणजे नाहीच, असं धरून चालतात.

आता तुझ्या गावाविषयी. आधी नावं गोळा कर, कारण शोध नावावरच अडतो. कराड, कऱ्हाड, करहाट, करहाटक, प्राकृतात करहाकड, करहकट. इंग्रजी पुस्तकांत यांची आणखी चार-पाच स्पेलिंगं, अक्षरांच्या डोक्यावर-पायाखाली ठिपके. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शोधाच्या चौकटीत ‘कराड’ टाकलंस तर शून्य येईल, आणि तू म्हणशील काही नाही. मशीनला ते ठिपके वाचता येत नाहीत. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या प्रत्येक खंडाच्या शेवटी सूची असते, ती डोळ्यांनी वाच. दहा मिनिटं लागतात. हे खंड पुरातत्त्व खात्याचे, जुने सगळे स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट पडलेत. छापील हवे असतील तर शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय किंवा पुण्यात डेक्कन कॉलेज आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. जाताना कॉलेजचं पत्र ने आणि खंडाचा क्रमांक कागदावर लिहून ने. मी एका ग्रंथालयात (नाव नको) तीन तास बसून राहिले होते, कारण चिठ्ठीवर खंड लिहिला होता आणि त्यांचं कपाट सालाप्रमाणे लावलेलं होतं. तेव्हापासून दोन्ही लिहिते.

या नावांनी शोधलंस की सगळ्यात जुना उल्लेख कऱ्हाडपासून फार दूर सापडतो. मध्य प्रदेशात भारहुत नावाचं ठिकाण आहे, सतना जिल्ह्यात. (सतना. एका मुलानं घाईत ते ‘सातारा’ वाचलं आणि भारहुतचा स्तूप थेट आपल्या जिल्ह्यात आणून ठेवला होता. मी गुण कापले, पण हसून.) तिथल्या स्तूपाच्या कठड्यावर दात्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत एक छोटीशी ओळ आहे: ‘करहकट-निगमस दान’. अक्षरांच्या वळणावरून हे लेख साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले आणि त्याच्या आसपासचे मानतात. कठड्याचे बरेच भाग आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. तुला कोलकात्याला जायची गरज नाही. ल्यूडर्स या जर्मन विद्वानाची ब्राह्मी लेखांची यादी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दहाव्या खंडाची पुरवणी म्हणून आली, आणि भारहुतच्या सगळ्या लेखांचं संपादन ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’ या कोरीव लेखांच्याच दुसऱ्या मालिकेत, दुसऱ्या खंडाच्या दुसऱ्या भागात १९६३ साली आलं. त्यात ल्यूडर्स आणि वाल्डश्मिट यांच्याबरोबर आपले म. अ. मेहेंदळे आहेत.

या तीन शब्दांवर जरा थांबू, कारण साधन ‘वापरणं’ म्हणजे काय ते इथं कळतं. ‘दान’ कळलं. ‘करहकट’ कळलं. ‘निगम’ म्हणजे काय? कुणी त्याचं भाषांतर ‘नगर’ करतं, कुणी व्यापाऱ्यांची संघटना. नगर धरलंस तर अख्ख्या गावानं मिळून दान दिलं. व्यापाऱ्यांचा संघ धरलास तर इथल्या पैसेवाल्यांची एक संस्था होती आणि ती संस्था म्हणून दान करत होती. हे दोन वेगळे निबंध आहेत. तुला प्राकृत येत नाही म्हणून काही बिघडत नाही, पण ज्या एका शब्दावर तुझं म्हणणं उभं आहे तो शब्द मुळात काय आहे, हे भाषांतराच्या शेजारच्या पाठात बघायला हवं. दोन अर्थ आहेत हे लिही, तू कोणता घेतेस ते लिही, का घेतेस ते एका वाक्यात लिही. परीक्षक तिथंच खूश होतो. आणखी एक प्रामाणिकपणा: करहकट म्हणजे आपलं कऱ्हाड, ही ओळख अभ्यासकांनी पटवलेली आणि सर्वमान्य आहे, पण लेखात ‘कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं’ असं काही कोरलेलं नाही.

दुसरा उल्लेख जवळचा. रायगड जिल्ह्यात कुडा इथं बौद्ध लेणी आहेत, खाडीच्या अंगाला. तिथल्या एका लेण्याचा दाता आहे महिक नावाचा, राहणारा करहाकडचा, आणि धंदा ‘लोहवाणिय’, म्हणजे लोखंडाचा व्यापारी. हा लेख बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांच्या १८८१ सालच्या पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखसंग्रहात आहे, ल्यूडर्सच्या यादीतही आहे. कऱ्हाडचा लोखंडवाला समुद्राजवळ लेणं खोदवतोय, हे वाचून कुणाच्याही डोळ्यांसमोर घाटातून उतरणारे बैल येतील. येऊ देत. निबंधात मात्र लेख काय म्हणतो आणि आपण काय म्हणतो यांच्यामध्ये रेघ ओढ. लेख म्हणतो: माणूस, गाव, धंदा, दान. कुंभार्ली घाट, बंदर, निर्यात यातलं एक अक्षरही लेखात नाही. तो तर्क चांगला आहे, जरूर कर, फक्त ‘यावरून असे अनुमान करता येते’ हे शब्द पुढं घाल.

तिसरं साधन तुझ्या घरातून दिसतं. आगाशिवचा डोंगर. जखिणवाडीच्या बाजूनं चढलीस की साठेक लेणी आहेत, बहुतेक साधी, नक्षी फारशी नाही, आणि कोरीव लेख तर अगदी मोजका. संघमित्र नावाच्या दात्याचा. मुलांना ती ‘रिकामी’ वाटतात, कारण डोक्यात अजिंठा असतो. पण तू विषयच करहाटक घेतलाय, तर भारहुतला आणि कुड्याला दान देणाऱ्या गावाच्या शेजारी स्वतःची एवढी लेणी आहेत आणि ती इतकी साधी आहेत, हा प्रश्नच किती छान आहे! वर जाऊन काय करायचं ते सांगते. मोबाइलनं शंभर फोटो काढू नकोस. तीन लेणी निवड. प्रत्येकाचं आतलं माप घे, साधी टेप चालते. ओटा आहे का, खोल्या किती, स्तूप आहे का, खांब आहेत का, छत सपाट की कमानदार, एवढं वहीत उतरव आणि तारीख घाल. हे तुझं स्वतःचं निरीक्षण झालं, आणि ते थेट साधनावरून केलेलं आहे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ, पाणी काही लावायचं नाही. बाजूनं तिरपा टॉर्च मारला की खोदलेलं अक्षर सावलीत उभं राहतं.

आता तो ताम्रपट, ज्याच्यासाठी मी एवढी प्रस्तावना केली. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण, शक ८८०. रा. गो. भांडारकरांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या चौथ्या खंडात, पान २७८पासून, तो संपादित केलाय. तिथं उघडलंस की रचना अशी दिसेल: आधी संपादकाची प्रस्तावना, मग मूळ पाठ ओळींच्या आकड्यांसह, मग इंग्रजी भाषांतर, खाली टिपा. यात प्राथमिक साधन कोणतं? पाठ आणि त्याचं भाषांतर. प्रस्तावना हे भांडारकरांचं मत, म्हणजे दुय्यम. एकाच लेखात दोन्ही असतात, म्हणून टीप देताना ‘ओळ अमुक’ असं लिही, नुसतं पान नको. पाठात कंस दिसतील तेही उगाच नसतात. साधारणपणे चौकटी कंसातलं अक्षर झिजलेलं किंवा संशयित, त्यात चांदणी असेल तर ते मुळात नाहीच, संपादकानं भरलेलं. साध्या कंसातलं म्हणजे कोरणाऱ्याची चूक दुरुस्त केलेली. तुझा मुद्दा नेमका चांदणीवाल्या अक्षरावर उभा असेल तर तो मुद्दा सोड.

पहिला सापळा तारखेचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. ८८० अधिक ७८, झाले ९५८. मुलं ९५८ लिहून मोकळी होतात. पण दानाची तिथी फाल्गुन वद्य त्रयोदशी आहे. शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. म्हणून इथं ७९ मिळवायचे: ९ मार्च ९५९, बुधवार. संवत्सर कालयुक्त. पंचांगात आजही पाडव्याला संवत्सराचं नाव छापतात, तेच हे चक्र, साठ वर्षांचं. ताम्रपटात शक, संवत्सर, तिथी, वार एवढं सगळं दिलेलं असलं की ते एकमेकांशी ताडून बघता येतं. खोट्या ताम्रपटांची गफलत बऱ्याचदा इथंच उघडी पडते. हो, खोटे ताम्रपट असतात. जमिनीचा मामला म्हटल्यावर असणारच! फ्लीट या अधिकाऱ्यानं १९०१मध्ये बनावट लेखांची यादीच छापली होती.

दुसरा सापळा जागेचा. हा ताम्रपट ‘कऱ्हाड ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो, म्हणून तिसरा कृष्ण कऱ्हाडात बसून दान देत होता असं लिहिलेलं मी वाचलंय. राजा तेव्हा होता मेलपाटीला, म्हणजे तमिळनाडूतल्या आजच्या मेलपाडीला. सैन्याचा तळ पडलेला, दक्षिणेतले जिंकलेले प्रांत आपल्या माणसांना वाटून देणं चाललेलं. तिथून त्यानं करहाट विषयातलं (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा) कंकेम नावाचं गाव दान दिलं. प्रत्येक ताम्रपटाला तीन जागा असतात: सापडला कुठं, दिला कुठून, आणि जमीन कुठली. वहीत तीन रकाने आख. गंमत म्हणून ‘सातारा ताम्रपट’ बघ, बदामीच्या चालुक्यांच्या घरातल्या विष्णुवर्धनाचा, दुसऱ्या पुलकेशीच्या काळातला. नाव साताऱ्याचं, गाव भीमेच्या काठचं. साताऱ्याच्या प्राचीन इतिहासात तो घालायचा झाला तर फक्त सापडण्याचं ठिकाण म्हणून.

आणि दान घेणारा कोण? गगनशिव नावाचा शैव आचार्य. त्याचा गुरू ईशानशिव, आणि तो करहाटातल्या वल्कलेश्वराचा स्थानपती, म्हणजे तिथला प्रमुख. म्हणजे दहाव्या शतकाच्या मध्यावर तुझ्या गावात एक शैव मठ होता, तिथं गुरुपरंपरा होती, तपस्व्यांच्या पोटापाण्याची सोय करावी इतका त्याचा पसारा होता, आणि शेकडो किलोमीटरवर लढाईत असलेल्या सम्राटाला त्याची आठवण ठेवावीशी वाटत होती. यातल्या पहिल्या तीन गोष्टी ताम्रपट सांगतो. चौथी माझं अनुमान. बघ, मीसुद्धा घसरते.

या साधनाला एक जोडीदार आहे आणि तो सापडला तेव्हा मला स्वतःला फार आनंद झाला होता. सोमदेवसूरी या जैन लेखकाचा ‘यशस्तिलक’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. ग्रंथाच्या शेवटी त्यानं तो कधी पुरा केला ते लिहिलंय: शक ८८१, चैत्रातली मदनत्रयोदशी. आणि तेव्हा कृष्णराज पांड्य, सिंहल, चोल, चेर यांना जिंकून मेलपाटीला होता, असंही. फाल्गुन वद्य त्रयोदशी आणि पुढच्या चैत्रातली शुद्ध त्रयोदशी: जेमतेम पंधरवडा! एक तांब्यावरचा सरकारी कागद, दुसरा एका मांडलिकाच्या राज्यात बसलेल्या जैन साधूचा ग्रंथ. एकमेकांचं काही माहीत नसलेल्या दोघांनी राजाला एकाच तळावर पाहिलंय किंवा तसं ऐकलंय. याला पुराव्याची साखळी म्हणतात. आणि दोघंही कृष्णाच्या बाजूचेच लोक आहेत, हेही त्याच परिच्छेदात लिही. चोल, चेर, सिंहल, पांड्य ही यादी प्रशस्तीच्या, म्हणजे राजाच्या स्तुतीच्या, ठराविक साच्यातली आहे. राजानं खरंच लंका जिंकली का, हे या दोघांवरून ठरत नाही. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या ६३४च्या लेखात कवी रविकीर्ती दुसऱ्या पुलकेशीला तिन्ही महाराष्ट्रकांतल्या ९९,००० गावांचा स्वामी म्हणतो. तो आकडा जनगणनेचा म्हणून निबंधात घालू नकोस, एवढीच विनंती.

ग्रंथांत करहाटक आणखी दोन ठिकाणी भेटतं. एक महाभारताच्या सभापर्वात, सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात. इथं मात्र आवृत्ती कोणती वापरतेस याला फार महत्त्व आहे. करहाटकानंतर एक-दोन श्लोकांनी जुन्या प्रचलित छापील पोथीत ‘आटवीं च पुरीं रम्यां यवनानां पुरं तथा’ असं येतं, म्हणजे आटवी नावाची रम्य नगरी. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत, जिथं सभापर्वाचं संपादन एजर्टन यांनी केलं, तिथं तीच ओळ ‘अन्ताखीं चैव रोमां च’ अशी आहे: अँटिऑक आणि रोम! कितीतरी हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून हा पाठ निघाला. आता रोम माहीत असलेला माणूस हा श्लोक कधी लिहील? कुरुक्षेत्राच्या काळात नक्कीच नाही. म्हणजे सभापर्वातलं करहाटक हे ‘महाभारतकालीन कऱ्हाड’चा पुरावा होत नाही. ज्या काळात हा भाग रचला गेला, त्या काळी दक्षिणेतलं नाव घ्यावं असं ते ठिकाण होतं, याचा पुरावा होतो. घरात असलेली महाभारताची पोथी पूजेला उत्तम, निबंधाला चिकित्सित आवृत्ती घे.

दुसरं बिल्हणाचं ‘विक्रमांकदेवचरित’. करहाटच्या शिलाहार घराण्यातली चंद्रलेखा आणि तिचं स्वयंवर, वर कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य. हा ग्रंथ ब्यूलर यांना जैसलमेरला १८७४ साली मिळाला आणि पुढच्या वर्षी छापला गेला. कवी राजाच्या पदरचा, त्यामुळे स्वयंवराचं वर्णन काव्याच्या रिवाजातलं. पण आधी सरांना विचार, त्यांचं ‘प्राचीन’ कुठं संपतं. अकरावं शतक काही ठिकाणी पूर्वमध्ययुगात टाकतात. हे न विचारता शिलाहारांवर पाचशे शब्द खर्च करणारी मुलं मी पाहिली आहेत. चालत असेल, तर वा. वि. मिराशींचं काम तुझ्यासाठी वरदान आहे. शिलाहारांचे लेख त्यांनी मराठीत ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ या पुस्तकात दिलेत, तसंच सातवाहन आणि क्षत्रपांचे लेखही वेगळ्या मराठी पुस्तकात. मूळ पाठ, मराठी अर्थ, टिपा, सगळं एका जागी. इंग्रजीला घाबरणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. सांगलीकडच्या मैत्रिणीला असाच विषय आला असेल तर तिला मिरजेचे ताम्रपट सुचव: शक ९४६चा चालुक्य जयसिंहाचा आणि शक ९८०चा शिलाहार मारसिंहाचा.

नाणी आणि उत्खनन यांच्या वाट्याला तू फार जाऊ नकोस असं मला वाटतं, बारा दिवसांत झेपत नाही. नाणं एकटं फार कमी बोलतं, सगळा साठा एकत्र असला तरच बोलतं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६मध्ये क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. तो साठा विस्कटून एकेक नाणं बाजारात गेलं असतं तर कोण कुणाला हरवलं हे कळायचं राहिलं असतं. ‘माझ्या काकांकडे सातवाहन नाणं आहे’ हे साधन म्हणून चालत नाही, याचं कारण हेच. उत्खननाचा एक अहवाल बघायचाच असेल तर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचा बघ, सांकलिया आणि दीक्षित, १९४५-४६चं काम. आणि एखाद्या रविवारी कोल्हापुरात टाउन हॉल म्युझियमला जाऊन तिथली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती बघून ये. तुझ्या निबंधात ती येणार नाही कदाचित. तरी बघ.

मोबाइलवरच्या चॅटला विचारून संदर्भ आणू नकोस, म्हणजे आणलेस तरी पान उघडल्याशिवाय लिहू नकोस. गेल्या वर्षी एकानं ‘कराड शिलालेख’ म्हणून खंड, पान, ओळ असं सगळं झकास लिहून आणलं. आम्ही दोघांनी मिळून ते पान उघडलं, तिथं भलत्याच प्रांतातला भलताच लेख. तो बिचारा म्हणाला, ‘मॅडम, एवढं नेमकं लिहिलं होतं, खोटं कसं वाटेल?’

लिपीचं राहिलं. नाही, ब्राह्मी यायलाच हवी असं नाही. छापलेला पाठ आणि भाषांतर वापर, आणि टिपेत ‘भाषांतर: अमुक’ असं कबूल कर. टीप अशी लिही: ‘रा. गो. भांडारकर (संपा.), तिसऱ्या कृष्णाचा कऱ्हाड ताम्रपट, एपिग्राफिया इंडिका, खंड ४, पृ. २७८ व पुढे’, आणि त्यापुढे ओळींचे आकडे. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेला लेख तू मुळात पाहिला नसशील, तर ‘उद्धृत, अमुक पुस्तक’ असं लिहायचं. त्यात कमीपणा नाही. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं की मात्र चोरी सापडते, कारण आधीच्या लेखकाची छपाईची चूकही मुलं तशीच्या तशी उतरवतात.

सरांना चार हवीत ना? भारहुत, कुडा, आगाशिव आणि हा ताम्रपट, झाली चार. जोडीला ‘यशस्तिलक’ घे, कारण ताम्रपटाशी त्याची गाठ बसते. सभापर्व हवं तर दोन ओळींत. बिल्हण सरांच्या उत्तरावर. पण ‘प्राचीन करहाटक’ एवढा मोठा विषय घेऊन बसलीस तर ही साधनं मण्यांसारखी सुटी पडतील. दानापुरतं बोल: कऱ्हाडच्या लोकांनी कुठं कुठं दान दिलं आणि कऱ्हाडला कुणी दान दिलं. इसवी सनाच्या आगेमागे इथले लोक बाहेर जाऊन बौद्धांना देतायत, आणि ९५९मध्ये बाहेरून एक राजा इथल्या शैवांना देतोय. मधल्या हजार वर्षांचा पुरावा विरळ आहे, तो तसाच विरळ दाखव.

आज रात्री चौथा खंड डाउनलोडला लाव, फाइल जड आहे. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत आगाशिवला जा. कुणाला तरी बरोबर घे, टेप आणि टॉर्च विसरू नकोस, आणि ताम्रपटाचं भाषांतर वाचून झालं की कंकेम आज कुठलं गाव असेल यावर भांडारकर काय म्हणतात ते बघून मला कळव.